मधवालीच्या घरातला चोर

ऑफिसात त्याला सगळे तराजू म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. अंगानं तो सडपातळ, एक खांदा वर तर एक खाली; चालू लागला की खरंच पारडी हलल्यासारखा दिसे. पण नाव पडलं होतं ते कामावरून. एका ऑनलाइन खेळात घरफोड्या बेतानं होताहेत की नाही, हे पाहणं त्याचं काम. खेळाच्या कंपनीतही पगार मिळतो एवढंच बायकोच्या माहेरी पटवून देता देता त्याच्या तोंडाला फेस आला होता; नेमकं काम काय, हे त्यानं तिथे सांगितलंच नव्हतं.

खेळ असा होता. एक भलंमोठं जग. त्यात डोंगर, नद्या, बाजारपेठा. लोक आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून त्या जगात शिरत आणि टोपणनावानं राहत. कोणी लोहार होई, कोणी कुंभार, कोणी नावाडी. चार पैसे गाठीला लागले की घर बांधत, आणि घर बांधलं की नव्या नवरीसारखं सजवत. ज्यांना हे सगळं मिळमिळीत वाटे ते चोर होत. चोरी हाही तिथला रीतसर धंदा होता. हत्यारांची पिशवी जमवायची, कुलूप उघडायला शिकायचं, आणि घरमालक खेळात हजर असतानाच त्याची नजर चुकवून आत शिरायचं.

कुलूप सोपं झालं की घरवाले रडत. अवघड झालं की चोर रुसत. या दोघांमधल्या अरुंद बांधावरून तराजू इतकी वर्षं चालत आला होता, डोक्यावर भरली घागर घेऊन चालावं तसा; आणि एक थेंब सांडला नाही याचा त्याला अभिमान होता.

त्या वर्षी मात्र घागर हिंदकळली. घरवाल्यांची ओरड वाढली म्हणून त्यानं दारोदारी कुत्री दिली. चोर कुत्र्यांना खाऊ घालू लागले. कुत्री गुबगुबीत झाली आणि एके दिवशी शेपट्या हलवत चोरांच्याच मागे निघून गेली. मग त्यानं नियम केला, की एका घरफोडीत एकच वस्तू न्यायची. चोरांनी दारं न्यायला सुरुवात केली. दारच गेल्यावर कुलपाला कोण विचारतो? मागून येणारे चोर लग्नघरात शिरावं तसे हात हलवत आत शिरू लागले.

ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी त्याला समोर बसवलं. बाई कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच लोक त्यांना भीत. त्या म्हणाल्या, "खेळाचा पुढचा बदल येईपर्यंत दोन्ही बाजू शांत झाल्या तर ठीक. नाहीतर घरफोडी काढून टाकू, आणि तुम्हाला घोड्यांकडे देऊ."

घोड्यांकडे म्हणजे घोड्यांच्या शेपट्यांकडे. वारा सुटला की शेपटी कुठल्या अंगाला उडावी, हे पाहणारा माणूस नोकरी सोडून गेला होता.  उभं आयुष्य चोरांच्या संगतीत काढलेल्या माणसानं आता शेपट्या मोजायच्या?

घरी आला तर घरीही तेच. तो घरजावई होता. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिच्या सुट्टीचा वार ठरलेला नसे. घर सासूबाईंचं. सासूबाई एका इस्पितळाच्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि इस्पितळ सुटलं तरी त्यांच्यातली मेट्रन काही सुटली नव्हती. घरात कोणी झाडू हातात घेतला की मागून आवाज येई, "कोपरे आधी, मधलं मग." फळीवरच्या कपांचे कान त्या रोज सकाळी बाहेरच्या बाजूला वळवून ठेवत, कारण त्यांचा मुलगा कप ठेवताना कान नेमके भिंतीकडे करत असे. हा मुलगा, म्हणजे तराजूचा मेहुणा, लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर परक्यांच्या हाती स्टिअरिंग देऊन जीव मुठीत धरून बसायचा, आणि घरी आला की जेवलेलं ताटसुद्धा उचलायचा नाही.

निवृत्तीनंतर सासूबाई दिवसभर इतरांची कपाटं लावू लागल्या, तेव्हा बायकोनंच तराजूच्या मागे लागून त्यांना हा खेळ शिकवायला लावला. आता त्या तिथे मधमाश्या पाळत. टोपणनाव मधवाली. पण हे मुलाला कळू द्यायचं नाही अशी ताकीद होती. खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांनी त्याला लहानपणापासून सुनावलं होतं. तो आपला समजे, आई खोलीत बसून विणकामाचे व्हिडिओ बघते.

आणि मेहुणा तिथे चोर होता. मांजरपाय या नावाचा, बऱ्यापैकी नावाजलेला.

तराजूला हे दोन्ही ठाऊक होतं. मांजरपाय आठवड्यातून एकदा तरी मधवालीच्या घरातून मधाचा कानवाला बुधला उडवतो, हेही त्याला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसे. पण खेळातला कोण हा खरा कोण, हे जगात कोणाला सांगायचं नाही असा कंपनीचा नियम होता, आणि तो नियम तराजू शपथेसारखा पाळे. सासूबाई स्वयंपाकघरात त्याला गाठून विचारत, "तुमच्या ऑफिसात ती कुलपं कोण करतं हो?" तो म्हणे, "आहे एक जण." मग त्या एका जणाच्या अकलेचा उद्धार होई आणि तो मान खाली घालून कांदा चिरत राही. त्या गेल्या की मेहुणा येई. "दाजी, कुलपं फार कडक झालीत. कोणता ठोंब्या बसवलाय तिथे?"

एका रविवारी दुपारी बायको कामावर गेली होती. तराजू चहाचं आधण ठेवून शेपट्यांचा विचार करत होता. तेवढ्यात मेहुण्याच्या खोलीतून हाक आली. "दाजी, जरा या." आणि पाठोपाठ सासूबाईंच्या खोलीतून, "अहो, इकडे या जरा. दार लावून घ्या."

तो आधी सासूबाईंकडे गेला. त्यांचा चेहरा वॉर्डात चोरून विडी ओढणारा पेशंट सापडावा तसा उजळला होता. पडद्यावर मधवालीचं घर होतं, आणि घरात कपाटंच कपाटं. महिनाभर मध विकून त्यांनी कपाटं घेतली होती. घरातलं सामान फक्त मालकाला सरकवता येतं हे त्यांनी हेरलं होतं. चोर खिडकीतून आत आला, की एक कपाट खिडकीला, एक दाराला, दोन त्याच्या दोन्ही अंगांना. मधल्या फटीत मांजरपाय उभा होता, बगलेत बुधला; म्हणजे न्यायची एक वस्तू झालीच, आता कपाट उचलायचीही सोय नाही.

तराजू चहा घेऊन मेहुण्याकडे गेला. तीच खोली आता आतल्या बाजूनं दिसली. चारी बाजूंनी लाकूड.

"कोणी म्हातारी आहे," मेहुणा कपाळाला हात लावून म्हणाला. "माणूस आहे का कोण आहे. कपाटात चिणलं मला."

निघून जावं, तर दुसऱ्याच्या घरात असताना खेळ बंद करणाऱ्या चोराची हत्यारांची पिशवी जप्त होई. तोही तराजूनंच केलेला नियम. वर्षभर जमवलेली पिशवी घालवायची मेहुण्याची तयारी नव्हती.

या दोन खोल्यांत एक भिंत होती, अर्ध्या विटेची. अलीकडे आई, पलीकडे लेक, आणि दारांपुढच्या बोळात हातात कप घेऊन तराजू. एक शब्द बोलला असता तर सगळं मिटलं असतं. पण त्यानं जीभ दाताखाली धरली आणि दोन्ही दारांतून आळीपाळीनं पाहत राहिला.

सासूबाई एका बोटानं टाइप करत. त्यांचं एक वाक्य पलीकडे पोचेपर्यंत मेहुण्याचा चहा निवायचा. त्यांनी विचारलं, सुटायचं आहे का. चोर म्हणाला, आहे. मग आधीचे बुधले परत आणून द्यायचे. ते विकले. बरं, मग काम कर. अंगणात पानं पडलीत, माश्यांच्या पेट्या पुसायच्या आहेत, घर झाडायचं आहे. चोरानं पुष्कळ घासाघीस केली, पण मेट्रनशी घासाघीस करून कोणाचं भलं झालं होतं? शेवटी एक कपाट बाजूला झालं आणि मांजरपायाच्या हाती झाडू आला. तो खोलीच्या मधोमध झाडू लागला, तशी पडद्यावर अक्षरं उमटली. कोपरे आधी, मधलं मग.

मेहुण्याचा हात थांबला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग दारात उभ्या असलेल्या दाजीकडे. तराजू छताकडे पाहू लागला.

 मग मेहुण्यानं झाडू पुन्हा उचलला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली.

सगळं आटपल्यावर त्यानं चोरलेला बुधलाही फळीवर ठेवून दिला. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. "दाजी," तो हळूच म्हणाला, "तिला कळू देऊ नका. आयुष्यात पहिल्यांदा मला शाबास म्हणालीय."

तराजूच्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही उगवत होतं. इतकी वर्षं तो कुलूप घट्ट की सैल, एवढंच करत बसला होता. चोर पकडला गेल्यावर काय, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. घरवाल्याला चोर नको होता असं नाही; चोरावर चालवायला त्याला काहीतरी हक्क हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या बाईंपुढे नियम मांडला. घरमालकानं चोराला कोंडलं तर चोरानं घरकाम करून सुटायचं, पिशवी शाबूत. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, करून बघा.

बदल आला, आणि खेळाचा नूर पालटला. लोक मुद्दाम खिडक्या उघड्या ठेवून कपाटाआड दबा धरून बसू लागले. गावंच्या गावं लखलखीत झाली. चोरांनाही चेव आला. न सापडता बाहेर पडणं ही आता मर्दुमकी ठरली. तक्रारी येत राहिल्या, पण त्यांची जातच बदलली. माझा चोर आठवडाभर फिरकला नाही, असं कोणी लिही. अमक्या घरी भांडी फार घासायला लावतात, असं चोर लिहीत. दोन्ही पारडी सारखीच कुरकुरत होती. घोड्यांच्या शेपट्या दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडल्या. तराजूचा खाली आलेला खांदाही जरा वर आला असं बायकोला वाटलं.

मांजरपाय दर रविवारी मधवालीकडे जाई आणि दर रविवारी सापडे. एवढा नावाजलेला चोर, पण त्या एका घरी त्याला खिडकीतून उडी मारणं जमत नसे.

अशाच एका रविवारी सासूबाईंनी तराजूला बोलावून दार लावून घ्यायला सांगितलं. पडद्यावरच्या फळीकडे बोट दाखवलं. चोरानं पुसून मांडलेले बुधले ओळीनं उभे होते, आणि सगळ्यांचे कान भिंतीकडे.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं कान वळवतेय. त्याला सांगू नका हं. इथे माझं ऐकत नाही, तिथे ऐकतो. आणि त्या तुमच्या कुलूपवाल्याला म्हणावं, आता कशाला हात लावू नको."

"सांगतो," तराजू म्हणाला.

त्यानं बाहेर येऊन दार ओढून घेतलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी कळा दाबल्याचा आवाज येत होता. एकीकडे भरभर, दुसरीकडे एका बोटाचा, मोजून मापून. तो थोडा वेळ बोळात उभा राहिला. मग स्वयंपाकघरात गेला. मोरीत सकाळपासूनचे कप तसेच पडले होते. खऱ्या घरातल्या कपांसाठी अजून कोणी चोर सापडला नव्हता. त्यानं बाह्या वर केल्या, एकेक कप विसळला, आणि फळीवर मांडताना जरा घुटमळला. मग निम्म्या कपांचे कान त्यानं भिंतीकडे केले आणि निम्म्यांचे बाहेर.