खाटेवरचं झाड

सावली ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कर्जत-खालापुरात नाय. जांभळीखाली खाट टाकायची आन सावली सरकली की खाट सरकवायची, एवढंच मला जमतं.

शेलूला एका बंगल्याची राखण करतो मी. शेटनी कुंडीतलं बारमाही हिरवं झाड दिलं आन म्हनाले, "हे मेलं तर तुझी नोकरी गेली." मी मायेनं भर उन्हात ठेवलं, रोज बादलीभर पानी घातलं. पानं करपली.

नर्सरीत कामाला जानारी एक मावशी रोज कुंपनातून बघायची. नाव कधी सांगितलं नाय. एक दिवस आत आली, मातीत अंगठा खुपसला, हुंगला, पदराला पुसला.

"सावलीतलं झाड हाय रं हे. चिखल केलास नुसता. चार दिवस पानी नको."

"पन सावली खाटेपुरतीच हाय, मावशी."

तिनं कुंडी उचलून खाटेवर ठेवली.

"आन मी कुठं बसू?"

"बसतोस कशाला? सावली सरकली की खाट सरकव. तेवढं येतं ना?"

महिन्याभरानं कोवळं पान फुटलं. मी छाती काढून तिला दाखवलं, "बघ, जगवलं मी."

"तू काय केलंस? खाटेवरनं उठलास तेवढंच."