शिक्र्याचा नववा फोटो

पुलाच्या अलीकडे, रस्ता ओढ्याला वळसा घालतो तिथे, वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, नववा फोटो कुठाय?"

मास्तर चार पावलं पुढे गेले होते. ते थांबले नाहीत, नुसते हळू झाले. "कसला नववा?"

"आठानंतर येतो तो."

"दुकानदारानं दिलाच नसेल. त्याला कुठलं मोजता येतंय!"

"फोटोंच्या पाठीवर आकडे त्यानेच छापलेत. एक ते आठ आहेत, दहा ते तेरा आहेत. तीस वर्षं हजेरी घेतलीय मी. वर्गात एक जागा रिकामी असली तर मला दारातूनच कळायचं."

मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ अगदी स्वच्छ होतं. "ऊन वाढेल, चला," ते म्हणाले.

अंडेवाल्याचं घर खरं तर हाकेच्या अंतरावर. मास्तरांच्या परसाच्या कुंपणामागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे त्याची खुराडी. पहाटे त्याचा कोंबडा आरवला की मास्तरांच्या घरी चहाचं आधण चढायचं. पण ओढ्याची दरड उभी, आणि दोघांचीही वयं दरडी उतरायची राहिली नव्हती. म्हणून पुलावरून वळसा घालून सव्वा तासाची चाल. पिशवीत पुठ्ठ्यांवर चिकटवलेले बारा फोटो आणि दोघांच्याही जिवाला एकच घोर. ओढ्याकाठची अंडेवाल्याची उंच निलगिरी सोमवारी तोडली जाणार होती, आणि त्या निलगिरीवर शिक्रा या लहानशा शिकारी पक्ष्याचं घरटं होतं. घरट्यात तीन पिल्लं. आज शुक्रवार.

अंडेवाल्याचं म्हणणं सरळ होतं. शिक्रा माझी कोंबडीची पिल्लं नेतो. घरटं राहिलं नाही की चोरही राहणार नाही.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी बाजारातल्या दुकानात मशीन चालवलं. मग डोळ्यांनी दगा दिला. जवळचं दिसेना, सुईच्या भोकात दोरा जाण्याऐवजी बोटातच सुई जाऊ लागली. लांबचं मात्र असं लख्ख दिसायचं, की पुलावरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या शर्टाचं कुठलं बटण तुटलंय ते परसातून सांगावं. मशीनवर चादर पडली आणि मास्तर परसात खुर्ची टाकून बसले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कपडे वाळत घालायच्या दांडीवर शिक्रा येऊन बसला. राखाडी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आणि डोळे लालभडक, जणू रात्रभर जागून शिवण केलेली. एक झडप, आणि कुंपणावरचा सरडा त्याच्या नखात. मास्तरांचा चहा हातातच गार झाला.

मुलाने आपला जुना कॅमेरा लांब भिंगासकट पाठवून दिला. मास्तरांनी चार गोणपाटं जोडून कपाटाएवढा तंबू शिवला. शिवला म्हणजे बायकोकडून सुईत दोरा ओवून घेऊन, अंदाजाने. भिंगापुरतं भोक पाडलं आणि त्याच्या कडेला चक्क काज केलं. तंबूत मशीनसमोरचंच स्टूल. बायको शेजारणींना सांगायची, "चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'उद्या या, उद्या या' केलं. आणि त्या पाखरासाठी बघा, सव्वासातला म्हणजे सातलाच हजर!"

वहिनी, मास्तरांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. यजमान गेल्यापासून त्या याच घरात राहत होत्या. सकाळची प्रार्थना झाली की त्याही परसाच्या पायरीवर येऊन बसायच्या. येणारा एक नसून दोघं आहेत, हे मास्तरांनी शोधलं ते शेपटीवरून. मादी अंगाने मोठी असते हे नंतर पुस्तकात वाचलं. आधी दिसल्या शेपटीवरच्या काळ्या पट्ट्या.

"हिचं डावीकडून दुसरं पीस बघा," ते फोटो हातभर लांब धरून म्हणाले होते. "पट्टी शेजारच्या पिसाशी जुळत नाही. कुठल्या शिंप्यानं बेतलंय कोण जाणे."

"देवानं," वहिनी म्हणाल्या.

"मग देवाला सांगा, कापड घाईत बेतलंत. माझ्याकडे असं झालं असतं तर गिऱ्हाइकानं शर्ट तोंडावर फेकला असता."

"सांगते हं. पण तुमच्यापेक्षा त्याला ऑर्डरी जास्त असतात."

असा सगळा मामला. म्हणून झाडावर करवत येणार असं कळल्यावर मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी वेगवेगळ्या शिकारींचे फोटो निवडले, शहरातून मोठे करून आणले, आणि वहिनींनी खाली वळणदार अक्षरात लिहिलं: सरडा. उंदीर. टोळ. पुन्हा उंदीर. त्यात नववा नव्हता.

पुलाच्या कठड्यावर मास्तर टेकले. वहिनींनी पुन्हा विचारलं नव्हतं. शाळेतही त्या दोनदा विचारत नसत. गप्प राहायच्या, आणि ते गप्प राहणं छडीपेक्षा लागायचं. मास्तर पाणी प्यायले, हवेबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. शेवटी जाकिटात हात घातला.

"चोरखिसा आहे इथं. लोकांना जन्मभर शिवून दिले, स्वतःला आज पहिल्यांदा उपयोग झाला."

नववा फोटो. कुंपणाच्या खांबावर नर बसलेला, मान वळवून थेट भिंगात बघतोय. डोळ्यातला लाल रंग असा, की हात लावला तर बोटाला लागावा. आणि नखांत पिवळ्या पिसांचा एवढासा गोळा.

"सगळ्यांत सुंदर हाच आलाय," मास्तर म्हणाले. "तेच तर दुखणं आहे. दोन वर्षांत एकदाच, वहिनी, याच महिन्यात. एकच पिल्लू."

"मग तसंच सांगा. एकच म्हणून."

"हा दाखवला की बाकीच्या बारांना कोण विचारतंय?"

वहिनींनी फोटो परत त्यांच्या हातात दिला. "खिसा तुमचा, फोटो तुमचा. मी काही सांगणार नाही."

"हे त्याहून वाईट! ओरडा तरी!"

"उठा. ऊन वाढेल म्हणत होतात ना?"

मास्तरांनी फोटो पुन्हा चोरखिशात घातला, बटण लावलं आणि ते चालू लागले.

अंडेवाला खुराडी झाडत होता. वहिनींना पाहताच त्याने झाडू पाठीमागे लपवला; पन्नाशीचा गडी, पण चौथीत त्यांच्या वर्गात होता. "बाई! एवढ्या उन्हात चालत आलात? निरोप धाडायचा, मी आलो असतो." अंड्यांची दोन खोकी उलटी करून त्याने बसायला दिली. त्याचा म्हातारा कुत्रा उठायचा कंटाळा करत पडल्यापडल्याच शेपूट हलवून पाहुणचार करत होता.

मास्तरांनी पुठ्ठे ओळीने मांडले. कापड दाखवावं तसे, एकेक उलगडून. हा सरडा. हा उंदीर, तुमच्याच धान्याच्या कोठीतला असेल, लठ्ठ बघा केवढा. ही मादी, हिची पट्टी जुळत नाही. अंडेवाला आधी हाताची घडी घालून उभा होता, पाचव्या फोटोला खाली बसला, सातव्याला म्हणाला, "आयला, उंदीर नेतो होय हा!" मग वहिनींकडे बघून जीभ चावली.

बारावा संपला. अंडेवाल्याने डोकं खाजवलं. "म्हणजे मी उगाच त्याच्या मुळावर उठलो होतो. पण मास्तर, या महिन्यात माझी चार पिल्लं गेलीत. ती कुणी नेली मग?"

मास्तर पुठ्ठे गोळा करू लागले. अंडेवाल्याची नजर फिरत फिरत कुत्र्यावर गेली.

"परवा याच्या तोंडाला पीस चिकटलेलं होतं. मी म्हटलं असेल वाऱ्यानं आलेलं. घरचाच चोर निघाला, बघा. उद्या गाडीत घालतो आणि लांब सोडून येतो."

आपलं बोलणं चाललंय हे कळून कुत्र्याने शेपूट आणखी जोरात आपटलं. जांभई दिली. तोंडात मोजून तीन-चार दात होते.

मास्तरांचे कान लाल झाले. वहिनी स्वतःच्या चपलांकडे बघत होत्या आणि मनातल्या मनात देवाशी बोलत होत्या. काय मागत होत्या ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मास्तरांनी जाकिटात हात घातला. चोरखिशाचं बटण सापडेना. सापडलं तर निघेना. स्वतःच घट्ट शिवलेलं बटण, स्वतःच्याच डोळ्यांना दिसत नव्हतं. मदतीला हात पुढे करावा असं वहिनींना फार वाटलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

बटण निघालं. नववा फोटो अंडेवाल्याच्या हातात गेला.

"चारातलं एक याचं," मास्तर म्हणाले. "बाकी तिघांचं मला माहीत नाही. पण कुत्र्याचं नाव घेऊ नका. त्याला भाकरी भिजवून द्यावी लागत असेल, तो पिल्लू काय खाणार?"

अंडेवाल्याने फोटो उजेडात धरून पाहिला. "मास्तर, चोराचा फोटो खिशात लपवून चोराची वकिली करायला आलात?"

"होय."

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"पुलापासून."

अंडेवाल्याने मास्तरांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि त्याचं पोट हलायला लागलं. हसणं वर येईपर्यंत सगळ्या कोंबड्या कोपऱ्यात पळाल्या. "असला वकील मी जन्मात नाही पाहिला! पण फोटो काय काढलाय हो. एकेक पीस मोजून घ्या."

हसून झाल्यावर मात्र तो म्हणाला, "झाडाचं काय करू? माझंही पोट आहे यांच्यावर."

तेव्हा मास्तरांनी धंद्याची गोष्ट काढली. दुकान बंद करताना एका गिऱ्हाइकाने शिवून घेऊन कधी न नेलेले अकरा जाळीचे पडदे त्यांच्याकडे पडून होते. ते जोडून पिल्लांच्या खुराड्यावर छत शिवून देतो म्हणाले.

"कोंबड्यांना पडदे?"

"झालरीचे आहेत. झालर हवी तर काढतो."

"राहू द्या झालर," अंडेवाला म्हणाला. "किती दिवस थांबू?"

"घरट्यातली उडेपर्यंत. तीन आठवडे. तेवढ्यात छताखालून एक जरी पिल्लू नेलं, तर झाड तुमचं, करवत तुमची. मी तोंड उघडणार नाही."

ठरलं. अंडेवाल्याने एकच अट घातली: नववा फोटो त्याला भिंतीवर लावायला हवा होता. "रोज बघून सावध राहीन," तो म्हणाला. पण त्याने तो धरला होता नातवाचा फोटो धरावा तसा.

परतताना मास्तर इतके खूश होते, की त्यांना गुडघ्याची आठवण झाली नाही. पडदे कसे जोडायचे, दोरा किती लागेल, बायको काय म्हणेल, सगळं बोलून झालं. पूल आला. कठड्यापाशी ते पुन्हा टेकले. ओढ्यावरून शिक्र्याची तीक्ष्ण शीळ आली. वर पाहायला मात्र ते विसरले.

"वहिनी, एक मागू?"

"पाणी? संपलं."

"पाणी नव्हे. अंडेवाला रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून पिल्लांचा आकडा ओरडून सांगणार आहे. त्याच्या कालचा आकडा लक्षात राहत नाही, म्हणून मी म्हटलं, लिहून ठेवतो. पण वही तुम्ही ठेवा. मी फोटो काढीन, लिहायचं काम तुमचं. आणि एखाद्या दिवशी एक पिल्लू कमी भरलं, आणि मी येऊन गयावया करायला लागलो, 'आजच्या दिवस जागा कोरी सोडा हो वहिनी' म्हणून, तर माझं ऐकू नका. लिहा."