छप्पर फेरायचं राहिलं

सपरीत कोणी पाऊल टाकलं की ते थोडे बाजूला सरकायचे. सपरी म्हणजे घरापुढची ओसरी. आमच्या भागात तिला सपरीच म्हणतात. त्यांची सपरी एवढी लांब होती की लग्नातली एक पंगत तिच्यात सहज उठावी. ती सगळी रिकामी असली तरी हे गृहस्थ आपल्या चटईवर वीतभर सरकणार आणि म्हणणार, "बसा ना जी. जागा होते."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याकडे आपण कामासाठी जातो आणि थोड्या वेळानं वाटू लागतं की नुसतं बसायलाच आलो होतो. नवेगाव बांधच्या अलीकडे, तलावाखालच्या आमच्या गावात सारे त्यांना मोठेबाबा म्हणत. मी गावच्या हायस्कुलात मास्तर होतो. त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनीच लहान, पण मीही मोठेबाबाच म्हणायचो. त्यांच्या बायकोला गाव मोठीमाय म्हणे. मोठेबाबा जे मनात ठेवत, ते मोठीमाय बोलून मोकळी होई.

घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचे खांब, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारे. मातीच्या भिंती इतक्या जाड की उन्हाळ्यात आत गेल्यावर अंगावरचा घाम गार व्हायचा. मुख्य दारावरच्या पाटावर सारसांची जोडी कोरलेली होती; एकाची मान आभाळाकडे, दुसऱ्याची पाण्याकडे. तलावावर पक्षी पाहायला आलेले लोक त्या जोडीचे फोटो काढत. मोठेबाबा त्यांच्याकडे जरा आश्चर्यानंच बघत. "घर बसाले असते जी," ते म्हणायचे, "पाहाले नसते."

आणि ते घर खरोखरच बसायला होतं. आश्विनात धानाला शेवटचं पाणी लागतं. तलावात पाणी कमी असलं की कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आधी सोडायचं यावरून डोकी तापतात. आमच्या गावात पाण्याच्या पाळ्या त्या सपरीत ठरायच्या. रीत अशी होती की एकदा बसलं की सगळ्यांचं जुळेपर्यंत कोणी उठायचं नाही. मोठेबाबा निवाडा वगैरे काही करत नसत. ते नुसता काळा चहा फिरवत राहायचे. कोणी रागानं उठायला लागला तर म्हणत, "चहा झाला का तुमचा? मंग उठून कायले राहिले?" तो पुन्हा बसायचा. कधी दिवस मावळायचा, पण पाळ्या ठरायच्या.

त्यांच्या वडिलांच्या काळात खालच्या टोलीतले, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीतले, बौद्ध शेतकरी या बैठकीला अंगणात उभे राहत. वडील वारले त्या वर्षी मोठेबाबा सपरीत बसलेच नाहीत. खाली उतरून अंगणात त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग वरच्यांनाही नाइलाजानं उतरावं लागलं. आपण मोठंच काही केलं असं त्यांना वाटलं असावं, पण टोलीतला एक म्हातारा त्यांना म्हणाला, "बापा, तुमी खाली आले हे बरं झालं. पन आमाले वर काऊन नाही बोलावलं? आमच्या पायाले काटे आहेत का?"

मोठेबाबा ओशाळले. मग हसले. "चुकलंच जी," म्हणाले, उठले आणि त्या म्हाताऱ्याला हाताला धरून वर घेऊन गेले. तेव्हापासून त्यांना सरकून बसायची सवय लागली, असं मोठीमाय सांगायची.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. त्या घराचा इतिहास लिहायची वेळ आली तेव्हा मी ती गाळली होती.

भंडाऱ्यापासून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही हकिकत. नव्या जिल्ह्याला आपलं म्हणून काहीतरी दाखवायला हवं होतं. जुन्या वास्तूंची माहिती मागवली गेली. मी नुकताच निवृत्त झालो होतो. माझ्या हाताला काम नव्हतं आणि डोक्यात कल्पना पुष्कळ होत्या. मोठेबाबांचं घर ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर व्हावं, हे मी मनावर घेतलं.

"कायले जी?" मोठेबाबा म्हणाले. "घर तं आहेच."

"उद्या पोरगा विकेल. कोणी पाडेल. सरकारचा शिक्का असला तर कोणी हात लावणार नाही."

मोठीमाय सुपात तांदूळ निवडत होती. "हात नाही लावन तं घर झाडन कोन?" ती म्हणाली. "मास्तर, तुमची बाई ऐकून राहिली का तुमचं हे? का तिनं हाकललं म्हनून इकडं आले?"

आम्ही सगळे हसलो. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी म्हनता तं करा. तुमाले कळते."

मी खांबांबद्दल लिहिलं, सारसांबद्दल लिहिलं, भिंतींची जाडी लिहिली. पाण्याच्या बैठकीला एक वाक्य दिलं. अंगण आणि टोलीचा म्हातारा हे वास्तूच्या माहितीत शोभत नाही असं मला वाटलं.

मंजुरी आली. अंगणात मांडव पडला, मोठे लोक आले, निळा बोर्ड लागला. शाल मला मिळाली. मोठेबाबा मांडवाच्या मागे पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना चहा देत होते. बोर्डावर लिहिलं होतं की या वास्तूत मोडतोड किंवा बदल करणं गुन्हा आहे.

आमच्याकडे दर उन्हाळ्याच्या शेवटी घर फेरतात. म्हणजे छपरावरचे कवेलू, आपली कौलं, काढून, फुटलेले बदलून, पुन्हा नीट लावतात. वर्षभर वानरं उड्या मारतात, कवेलू सरकतात. न फेरलेलं घर पावसाळ्यात गळणारच. मोठेबाबांचं घर फेरायला अर्धं गाव यायचं. कोणी शिडीवर, कोणी खाली, कवेलू हातोहात वर जायचे, वरून शिव्या आणि विनोद खाली यायचे, आणि दुपारी सपरीत सगळ्यांचं जेवण.

बोर्ड लागल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात लोक असेच आले. दोघंजण छपरावर चढलेही होते. मी धावत गेलो.

"उतरा खाली! हे आता संरक्षित घर आहे. एक कवेलू हलवलात तरी गुन्हा होईल. मोठेबाबांना कोर्टात नेता का?"

"अन् पानी आलं तं?" छपरावरून एकानं विचारलं.

"परवानगी मागवू. तज्ज्ञ माणसं येऊन करतील."

लोक मोठेबाबांकडे पाहू लागले. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "उतरा रे. मास्तर सांगून राहिले ना." त्या दिवशीही सगळ्यांना जेवण मिळालं, पण काम झालं नव्हतं म्हणून जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

हे असं करायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं. बोर्डावरच्या एका ओळीचा अर्थ मी माझ्या मनानं लावला, आणि आयुष्यभर मुलांना अर्थ सांगितलेल्या माणसाला आपला अर्थ चुकेल असं वाटत नाही. परवानगीसाठी मी एकदा लिहिलं. उत्तर आलं नाही. आपल्या पत्राला कोणी उत्तर देत नाही हे गावात कबूल करायची मला लाज वाटली. म्हणून मोठेबाबा विचारत तेव्हा मी सांगायचो, "येतेच आहे."

पहिल्या पावसाळ्यात आतल्या खोलीत तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागली. दुसऱ्या पावसाळ्यात भांडी पुरेनात. मोठीमाय मला पाहिलं की सपरीतूनच ओरडायची, "या मास्तर, या! तुमच्या ऐतिहासिक घरात अंघोळ कराले या!" मोठेबाबा तिला गप्प करायचे. एकदा मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "रातच्याला दोन-चार कवेलू सरकवले तं चालन का जी? कोनाले दिसनार नाही." मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या माणसानं माझ्या शब्दापलीकडे एक कवेलू हलवला नाही.

बीजाचं लाकूड टणक असतं, पण दोन पावसाळे सतत डोक्यावर पाणी पडलं तर तेही कुजतं. तिसऱ्या वर्षी, श्रावणातल्या एका दुपारी, सपरी खाली आली. मोठेबाबा आणि मोठीमाय आत जेवत होते, म्हणून वाचले. मी पोचलो तेव्हा मातीचा लोट अजून खाली बसला नव्हता. दारावरचा पाट मधोमध तुटला होता. मोठेबाबा अंगणात उभे होते आणि त्यांच्या हाताला अजून भात लागलेला होता.

चार दिवसांत आसपासच्या गावांत बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं, जागा विकायची होती म्हणून पडू दिलं. कोणी म्हणालं, म्हातारा आळशी झाला. मग चौकशीला एक अधिकारी आला. तरुण होता, नीट बोलणारा. अंगणात अर्धं गाव जमलं. मीही होतो.

"छप्पर शेवटचं कधी फेरलं?" त्यानं मोठेबाबांना विचारलं.

"बोर्ड लागाच्या आधी जी."

"त्यानंतर का नाही? साधी देखभाल मालकानंच करायची असते. कवेलू फेरायला आमची परवानगी लागत नाही."

मी गर्दीत एक पाऊल मागं सरकलो.

"कोणी मना केलं होतं का तुम्हाला?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. छपरावरून उतरलेले ते दोघंही तिथं होते; तेही माझ्याकडे पाहत होते आणि मी बोलेन याची वाट बघत होते. मी बोर्डाकडे पाहत राहिलो.

"कोनी नाही साहेब," मोठेबाबा म्हणाले. "माह्याच्यानंच झालं नाही."

मोठीमाय दारात होती. ती काही न बोलता आत गेली. मी तिला ओळखू लागल्यापासून ती न बोलता आत गेल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पेपरात आलं की मालकाच्या हलगर्जीपणामुळे वारसा गेला. जिल्ह्यात कोणालाही विचारा, अजून हेच सांगतील. उरलेलं घर धोक्याचं ठरवून पाडलं गेलं. बोर्ड काढून नेला. मुलानं दोघांना गोंदियाला नेलं.

पुढं वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शेजारच्या बाईनं आधी मलाच विचारलं, "किससे मिलना है?" मोठीमायनं दार उघडलं, मला पाहिलं आणि पाणी आणून ठेवलं. पाण्याचा पेला ठेवताना ती माझ्याशी बोलली नाही. मोठेबाबा खिडकीजवळ खुर्चीत होते. ते खूप बारीक झाले होते.

"इथं दार लावून बसा लागते जी," ते म्हणाले. "उघडं ठेवलं तं लोक विचारतात, कोनी मेलं का?"

इकडचं तिकडचं बोलणं झालं. कोणाच्या बांधीत किती धान झालं, तलाव किती भरला, हे त्यांनी बारकाईनं विचारलं. शेवटी मी न राहवून म्हणालो, "मोठेबाबा, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोराला समजावून सांगावं तसं म्हणाले, "मास्तर, तुमाले गावात राहाचं होतं. मी तं जाऊनच राहिलो होतो."

मला रडू आलं. त्यांनी थोपटलं वगैरे नाही, एवढंच विचारलं, "पान्याच्या पाळ्या कोठी ठरवता आता?"

"ग्रामपंचायतीच्या हॉलात."

"जुळते का?"

मी म्हणालो, जुळतं. हेही खोटंच होतं.

पुढच्या थंडीत ते गेले. गोंदियालाच सगळं झालं. गावातून आम्ही सात-आठ जण जीपनं गेलो होतो. निघताना मोठीमायनं मला बाजूला बोलावलं. चौकशीच्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलली ती एवढंच. "आता तं सांगा मास्तर. आता त्याहीले कोनी काही म्हननार नाही, अन् तुमाले अडवाले बी ते नाहीत."

तरीही मला तीन वर्षं लागली. या आश्विनात पाण्याच्या सभेत मी उठून उभा राहिलो. मी छपरावरच्यांना उतरवलं, परवानगी येते आहे असं खोटं सांगत राहिलो, आणि चौकशीच्या दिवशी तोंड उघडलं नाही, हे सगळं सांगितलं. घर मोठेबाबांमुळे पडलं नाही, माझ्यामुळे पडलं. टोलीच्या म्हाताऱ्याची गोष्टही सांगितली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बहुतेक तरुण पोरं होती. त्यातली पुष्कळ जण त्या सपरीतल्या बैठकीला कधी बसलीही नव्हती. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं सांगितलं गुरुजी," सरपंच म्हणाले. "आता पान्याचं बोलू."

हात वर करून मतं घेतली गेली. सभा अर्ध्या तासात उरकली. मी बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर दोन शेजारी पाळीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. लोक त्यांना वळसा घालून घरी निघाले होते, आणि शिपाई हॉलला कुलूप लावत होता.