कंपनीचं लगीन

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात जीपचे पार्ट कंपनीच्या नावानं कुणीच मागत नव्हतं. "लाल डब्बा द्या" म्हटलं की झालं. ब्रेक लायनर असो की क्लच प्लेट, लाल डब्ब्यातली असली की सेनगाव-हिंगोली करणाऱ्या जीपवाल्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग त्या कंपनीला परदेशातल्या एका बड्या कंपनीनं घेतलं. आधी डब्ब्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी आली. नंतर जुनं नाव गेलं आणि डब्बाच निळा झाला. नवऱ्यानं हिंगोलीहून निळा माल भरून आणला, मी हौसेनं आमच्या दुकानाच्या फळीवर मांडला, आणि घ्या! जो तो डब्बा उलटापालटा करून बघायचा आणि डुप्लिकेट हाय म्हणून ठेवून द्यायचा. चिडून चिडून मी अर्धी झाले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आधीच दुकानावर नाराज. दिवाळीपर्यंत माल हलला नाही तर शटर ओढा आन् वावरात चला, असं त्यांनी सांगून टाकलं. मला वावर नको होतं. मला तो ग्रीसचा वास, ती घासाघीस, तो गल्लाच पाहिजे होता.

एका बाजाराच्या दिवशी मामंजींचे दोस्त, जुने जीपवाले काका, ब्रेक लायनर घ्यायला आले. निळा डब्बा बघून त्यांनीही नाक मुरडलं. माझं डोकंच फिरलं.

"काका, कंपनीचं लगीन झालंय. नाव बदललं, माल माहेरचाच हाय. माझं न्हाई का बदललं? तुमच्याच समोर ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं. मग मी काय डुप्लिकेट झाले?"

दुकानात हशा पिकला. काका लाजले आणि गुमान डब्बा घेऊन गेले. पुढच्या बाजाराला दोन जीपवाले सोबत घेऊन आले आणि म्हणाले, नवरीचा डब्बा द्या. तेव्हापासून निळ्या डब्ब्याचं नाव 'नवरी'च पडलं. दिवाळीच्या आत फळी रिकामी! आता तीच कंपनी कारचे सेन्सर करते, तर त्या इवल्याशा डब्बीला लोक 'नवरीचं लेकरू' म्हणतात.

काकांना मी सुनावलं त्या दिवशी मामंजी बाहेर बाकड्यावर बसून सगळं ऐकत होते. दिवाळीत नवी पाटी रंगवायला पेंटर आला आणि नाव काय टाकू म्हणाला. नवरा देवाचं नाव सांगणार, तोच मामंजींनी माझं माहेरचं नाव सांगितलं. या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून निघालं. मला हुंदकाच फुटला. कसंबसं विचारलं, मामंजी, हे काहून?

"कंपनीचं नाव बदललं तं समद्या गावानं इचारलं," ते म्हणाले. "तुहं बदललं तवा कोणीच इचारलं न्हाई, पोरी."

पेंटरनं निळ्या रंगाचा डबा उघडला होता. मी त्याला थांबवलं आणि लाल रंग आणायला लावला.