भरवशाचं पिस्तूल

"हात लावा, जीव नका लावू."

शस्त्रागाराच्या खिडकीतून पिस्तूल बाहेर देताना काका प्रत्येकाला हेच सांगत. त्याआधी ते पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घेत, वरची स्लाइड मागे ओढून सोडत आणि मान तिरकी करून तो आवाज ऐकत. बाजारात नारळ वाजवून घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तसाच चेहरा होई. आवाज पटला की पिस्तूल खिडकीत, आणि मागोमाग ते वाक्य.

आमच्या पोलीस मुख्यालयातले ते शस्त्रागाराचे हवालदार. साहेब लोकांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे त्यांना काका म्हणत. बोरी अरबच्या पलीकडे एका बंजारा तांड्यावर त्यांचं घर होतं. सुट्टीला तिकडे जात आणि परतताना माझ्यासाठी तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणत. मी समोरच्या व्हरांड्यातला लिपिक. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसलो की ते शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून वाकून पाहत.

"बाबू, तुमच्या पुस्तकात पिस्तूल हाय का?"

"या पुस्तकात आहे."

"अडकते का कधी?"

"नाही."

"मंग ते पुस्तक खोटं हाय," म्हणून ते स्वतःच शेंग सोलायला घेत.

अडकणारं पिस्तूल हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विषय होता. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटली की पुढची आपोआप वर येते. ती आली नाही तर हातात नुसतं लोखंड उरतं. एका वर्षी नव्या पिस्तुलांची पेटी आली. हलकी, काळीभोर, देखणी. सगळ्या अधिकाऱ्यांना तीच हवी होती. काकांनी ती मैदानावर नेली आणि रोज मिळतात त्याच काडतुसांनी चालवून पाहिली. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर जी धूळ उडते, तिच्यात ठेवून पाहिली. घामेजल्या हातांनीही चालवली.

"साहेब, दिसाले लय चांगलं हाय," ते खिडकीतून म्हणाले, "पण याले आपल्या घरचं जेवण चालत नाई. दर खेपेले एखादा घास अडकतेच."

"काका, तुम्ही पिस्तूल निवडून राह्यले का सून?"

"सून रुसली तं माहेरी जाते साहेब. हे रुसलं तं आपल्यालेच जा लागते."

खिडकीसमोर हशा झाला. तरी बहुतेकांनी नवीनच नेलं. काका कोणाशी वाद घालत नसत.

त्याच दिवसांत ती आली. अकादमीतून नुकतीच बाहेर पडलेली फौजदार, नेरकडच्या शेतकरी घरातली, अंगानं लहानखुरी. तिनंही नव्याकडे बोट दाखवलं. काकांनी आतून जुन्यातलं एक आणून तिच्यासमोर ठेवलं.

"काका, हे तं किती जड हाय! मले ते द्या ना."

"जड हाय म्हणून उसळत नाई. मुठीत घ्या."

तिची बोटं पुरत नव्हती. काकांनी ते परत घेतलं. पुढचे कितीतरी दिवस दुपारचं जेवण झालं की ते मुठीच्या लाकडी पट्ट्या घासत बसलेले मला दिसायचे. तिला अधूनमधून बोलावून हातात देऊन बघायचे आणि पुन्हा घासायचे. जुन्यातलं प्रत्येक पिस्तूल स्वतः चालवून त्यांनी हे एक काढलं होतं. जुनाट काडतूसही ते बिनतक्रार उडवत असे. शेवटी तिची मूठ नीट बसली तेव्हा ती हसली आणि त्यांच्या आधी तीच म्हणाली, "हात लावते, जीव नाई लावत."

"शाहणी हाय पोरगी," काका मला म्हणाले. त्यांना मुलगी नव्हती.

आता दसऱ्याबद्दल सांगायला हवं. त्या सकाळी शस्त्रागाराच्या अंगणात लांब टेबलावर पांढरी चादर अंथरून शस्त्रं मांडतात. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. काकांचा एक नियम होता. कुंकू लावायचं ते जुन्या बंदुकांच्या लाकडी दस्त्याला आणि पिस्तुलाच्या चामडी म्यानाला. पिस्तुलाच्या लोखंडाला कुणी बोट लावू पाहिलं तर ते हात धरत; ओलं कुंकू फटीत शिरून वाळलं की पिस्तूल अडकतं, असं त्यांचं म्हणणं.

"काका, देवी रागावते ना!" कुणीतरी चिडवायचं.

"देवीच्या तलवारीत गोळी भरा लागत नाई. तिले सांगतो मी, तुम्ही हात आवरा."

आणि पूजा झाली की संध्याकाळपर्यंत एकेक शस्त्र पुसून, तेल देऊनच ते घरी जात.

त्या वर्षी तिला धमक्या येत होत्या. तिच्या ठाण्याच्या हद्दीत नदीतून चोरटी वाळू निघायची आणि तिनं वाळूचे ट्रॅक्टर अडवायला सुरुवात केली होती. एकानं तिच्या अंगावर ट्रॅक्टर घालून पाहिला. तिनं ही गोष्ट खिडकीशी हसत सांगितली, काका हसले नाहीत. तिचं पिस्तूल ते वरचेवर तपासायला मागवू लागले. दसऱ्याच्या पूजेसाठीही ते आलं होतं.

टेबलाच्या टोकाशी ते ठेवलेलं होतं. आरती संपून माणसं प्रसादाकडे वळली तेव्हा काकांनी ताटातलं ओलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि त्या पिस्तुलाच्या स्लाइडवर, मागच्या बाजूला, टेकवलं. ओठ हलले. मला एवढंच ऐकू आलं, "याडी, संभाळ." त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. देवीला म्हणाले की त्या पोरीला, मला कळलं नाही.

पुसायचं होतंच, संध्याकाळी. पण विसर्जनाचा बंदोबस्त लवकर लागला. यवतमाळची दुर्गापूजा किती मोठी असते ते तुम्हाला ठाऊक असेल. जीप चालूच ठेवून ती आत आली. काकांनी फडकं हातात घेतलं.

"थांबा बाई, पुसून देतो."

तिनं कुंकवाचा ठिपका पाहिला. त्यांचा नियम तिलाही माहीत होता. "राहू द्या काका," ती म्हणाली. "आज तुम्हीच लावलं ना? मंग राहू द्या."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. त्या दिवशी ते आपलं नेहमीचं वाक्य बोलले नाहीत.

दुपारी नदीच्या रस्त्यावर तिला वाळूचा ट्रॅक्टर दिसला. थांबवला, तर एक जण लोखंडी सब्बल घेऊन उतरला आणि तिच्याबरोबरच्या शिपायावर धावला. तिनं आधी हवेत गोळी झाडली. ती सुटली. तरी तो थांबला नाही म्हणून तिनं नेम धरला. दुसरी सुटली नाही. तो तिच्याकडे वळला आणि सब्बल तिच्या उजव्या मनगटावर बसली.

शिपाई वाचला. तीही वाचली. हात तेवढा वाचला नाही; म्हणजे आहे, पण मिटत नाही.

पिस्तूल तपासणीला गेलं. बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला. काकांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. काडतूस दमट झालेलं असण्याची शक्यता, असं त्यात होतं.

"शक्यता म्हंजे काय, बाबू?"

"म्हणजे नक्की सांगता येत नाही."

"आन् कुंकवाचं काई लिहिलं?"

"नाही."

"काहून नाई लिहिलं?"

मी कागद मिटला. ते स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होते.

ती बरी होऊन कार्यालयीन कामावर आली, आमच्याच इमारतीत. पहिल्याच दिवशी खिडकीशी गेली. "काका, काडतूस खराब होतं. अहवालात लिहिलं हाय."

"होय बाई."

"माह्याकडं पाहून म्हणा."

"होय बाई," ते म्हणाले. मान वर झाली नाही.

त्यानंतर गोळीबाराचा सराव असला की काका ते पिस्तूल मैदानावर नेत. पुसून, तेल देऊन, सरावाला मिळणाऱ्या तुटपुंज्या काडतुसांनी ते चालवत. जुनी, डाग पडलेली काडतुसं मुद्दाम निवडून घेत. आधी मला वाटलं, त्यांना त्याचा भरवसा पुन्हा पटवून घ्यायचा आहे. मग एकदा मी जवळ उभा होतो आणि त्यांचा चेहरा पाहिला. ते पिस्तूल अडकण्याची वाट पाहत होते. स्वच्छ असताना, कुंकू नसताना, एकदा तरी. म्हणजे दोष लोखंडाचा ठरला असता, काडतुसाचा ठरला असता. पण ते एकदाही अडकलं नाही. प्रत्येक गोळी सुटली. दर गोळीला काका थोडे लहान होत गेले.

निवृत्तीच्या आधी साहेबांनी विचारलं, काय हवं? त्यांनी तेच पिस्तूल एकदा चालवायची परवानगी मागितली. सगळ्या गोळ्या सुटल्या. त्यांनी ते रिकामं केलं, स्लाइड ओढून सोडली, मान तिरकी केली. आवाज ऐकला आणि मेजावर ठेवून दिलं.

"काईच नाई त्याच्यात," एवढंच म्हणाले.

तांड्यावर गेल्यावर त्यांनी घरच्या देवालाही कुंकू लावणं सोडलं, असं त्यांच्या मुलानं सांगितलं. काकांच्या मातीला ती आणि मी गेलो होतो तेव्हा. तिनं वाकून नमस्कार केला. एकच हात जमिनीला टेकला.

यंदाच्या दसऱ्याला शस्त्रागारात नवे हवालदार होते. माणूस चांगला आहे, हौशी आहे. त्यांनी सगळ्या पिस्तुलांना कुंकू लावलं आणि संध्याकाळी घाईघाईनं पुसलं. दुसऱ्या दिवशी बदलून आलेला एक तरुण फौजदार खिडकीशी उभा होता. फाइल घेऊन ती माझ्या टेबलाशी आली होती.

"कोणतं घेऊ?" त्यानं विचारलं.

नव्या हवालदारांनी आतून एक पिस्तूल आणलं. मुठीच्या पट्ट्या घासून पातळ केलेलं.

"हे घ्या, साहेब. जुनं हाय, पण याच्यासारखं भरवशाचं दुसरं नाई. सरावाचा सगळा हिशेब पाह्यला मी, एकदाबी अडकलं नाई हे."

तिनं डाव्या हातानं फाइल माझ्या टेबलावर ठेवली. त्या फौजदारानं मूठ आवळून पाहिली. "लहान पडते मला," तो म्हणाला आणि शेजारचं देखणं नवं उचललं. खिडकीतलं पिस्तूल पुन्हा आत गेलं.