पैनगंगेचा झिरा

उन्हाळ्यात मी गावी यायची तेव्हा पैनगंगेत नुसती वाळू असे. शाळेत मी थेम्सचा इतिहास घोकला होता. पण इथे पाणी कुठे लागेल ते फक्त गावकुसाबाहेरच्या एका बाईला कळे. ती वाळूवर तळवा टेकवायची, झिरा खणायची आणि आमच्या घागरी भरेपर्यंत लांब उभी राहायची.

तिच्या घरच्यांनी बौद्ध दीक्षा घेतली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मात्र पाणी निवळताच ती आधी स्वतः ओंजळीने प्यायली.

"बाटवला वं इनं झिरा!" माझी काकू ओरडली.

"मंग खंदा तुमचा तुम्ही."

बायकांनी दुपारपर्यंत दुसरीकडे वाळू उपसली. पाणी लागलं नाही. माझे सुकलेले ओठ पाहून तिने लोटा पुढे केला. "पे वं पोरी."

मी काकूकडे पाहिलं आणि म्हटलं, मला तहान नाही.