उजवीकडचं स्टेअरिंग

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नगरहून जामखेडला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर बुटांचा खोका घेऊन. वय पन्नाशीचं, डोक्यावर टोपी, बोटांना वाळलेलं सोल्युशन. खोका वरच्या फळीवर ठेवा म्हणालो, तर त्याने नुसती मान हलवली. एसटी खड्ड्यात गेली की तो खोका अलगद उचलून धरायचा आणि स्वतः आदळायचा.

शेवटी मीच विचारलं, तेव्हा त्याने झाकण उघडलं. आत प्लास्टिकची वीतभर तांबडी मोटार होती. पुतण्याने परदेशातून सुटे भाग आणले होते, ते याने घरी जोडले होते.

"स्टेरिंग डावीकडं हुतं," तो म्हणाला. "कापून उजवीकडं बशिवलं. अजून ओलं हाय."

ड्रायव्हरच्या बाजूची काचही त्याने काढून टाकली होती.

"ती कशाला काढलीत?"

"मंग वळताना हात कुठून दावायचा?"

"अहो, ही कपाटात राहणार," मी वैतागून म्हणालो.

"गाडी तिकडची आसंल," तो शांतपणे म्हणाला, "रस्ता आपला हाय."

पुढच्या फाट्यावर तो उतरला आणि खोका डाव्या हातावर सपाट धरून रस्त्याच्या डाव्या कडेने एसटीच्या पुढे चालू लागला. त्याच्या गावची वाट थोडं पुढे उजवीकडे होती. तिथे पोचल्यावर त्याने उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा लांब केला.

आमच्या ड्रायव्हरने मुकाट्याने ब्रेक दाबला आणि त्याला आधी वळू दिलं.